भिंतीवाचून काही अडलं नाही

आमच्या घरातली भिंत पाडायचं ठरलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे बँकेत होतो. महत्त्वाचे निर्णय माझ्या गैरहजेरीत व्हावेत, ही आमच्या घरची जुनी पद्धत आहे. संध्याकाळी दार उघडून आत आलो, तर सौभाग्यवती, माझा मेव्हणा आणि मेव्हण्याने आणलेला एक तरुण इंटिरियर डेकोरेटर असे तिघं, हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीकडे मुक्काम लांबवलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे बघत उभे होते.

"ही गेली की सगळं ओपन होईल, काका," तो तरुण म्हणाला.

"म्हणजे दोन खोल्यांची एक खोली होईल," मी हिशेब केला.

"एक नाही हो. झोन होतील! लिव्हिंग, डायनिंग, वर्क. भिंत न घालता भाग पाडायचे. इथे उघडं शेल्फ, तिथे रग, पलीकडे फ्लोअरिंग चार इंच वर. टेबलावर लोंबता दिवा. त्याच्या उजेडात जेवढं येईल तेवढं डायनिंग."

"आणि वीज गेली तर डायनिंग कुठे जाणार?" हा माझा प्रश्न कुणीच मनावर घेतला नाही.

आई कोपऱ्यात मेथी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "म्हणजे आपली चाळीतली खोलीच की रे. तिचे एवढे पैसे नव्हते पडले."

या एका वाक्याने मी इतिहासात ढकलला गेलो. मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध शाळेतल्या सनावळीपुरता, आणि तिनेही मला कधी फार मार्क दिले नाहीत. पण त्या तरुणाचं अंदाजपत्रक पाहिल्यावर, भिंतीवाचून राहण्याची ही विद्या मुळात कुणाची, हे तपासणं मला भाग पडलं. रविवारची वाचनालयं धुंडाळली, आणि बँकेच्या सवयीने एक खतावणीच मांडली.

खतावणीतलं सर्वांत जुनं खातं निघालं जपान्यांचं. तिथे हेइआन काळात, म्हणजे सन 794 ते 1185 या चारशे वर्षांत, बड्या सरदारांच्या वाड्यांत आतल्या भिंती जवळजवळ नसत. एक ऐसपैस दिवाणखाना आणि त्यात लाकडी खांब. बाकी सगळा कारभार पडद्यांवर. दुमडता येणारे पडदे होते, त्यांना 'ब्योबू' म्हणत. या शब्दाचा अर्थच मुळी वारा अडवणारा. शिवाय लाकडी दांडीवर कापड सोडलेला, उचलून कुठेही नेता येणारा 'किच्यो' असे. घरंदाज बाई परपुरुषाशी बोलायची ती या किच्योच्या आडून. दिसलंच तर झग्याच्या बाहीचं टोक दिसायचं. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबू या बाईंनी लिहिलेल्या 'गेंजी'च्या कथेत कितीतरी भानगडी सुरू होतात त्या वाऱ्याने पडदा हलल्यामुळे किंवा फटीतून कुणी डोकावल्यामुळे. तिथे विटांच्या भिंती असत्या, तर जपानी वाङ्मयाचं केवढं नुकसान झालं असतं!

दुसरं खातं आपल्या वाड्यांचं. वाड्याच्या बाहेरच्या भिंती हत्तीने धडक द्यावी अशा. पण आत शिरल्यावर पुढचा भाग पाहावा, तर नुसते खांब. घराचं माप चौरस फुटांत नसे, खणांत असे. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. पडवी, तिच्याहून पायरीभर उंच ओसरी, आणि आत माजघर. मध्ये दार असेल-नसेल, पण कुळाने कुठवर यायचं, व्याह्यांनी कुठे बसायचं आणि भिक्षुकाने कुठे थांबायचं, हे त्या पायरीच्या उंचीवरून ज्याचं त्याला कळायचं. आमच्या डेकोरेटरचं 'चार इंच वर फ्लोअरिंग' ते हेच. ज्याला कळत नसे त्याच्यासाठी मग भाषेने म्हण करून ठेवली: भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आता ओसरीला भिंती असत्या, तर पाय पसरून पसरून किती पसरणार? भिंत नसली की भांडणाला जागा होते आणि म्हणीलाही.

याच वाड्यात आणखी एक भाग भिंतीवाचून पाडलेला होता, तो म्हणींत सापडत नाही. महिन्यातले चार दिवस घरातली बाई ज्या कोपऱ्यात बसायची, त्या कोपऱ्याला ना भिंत, ना पडदा, ना पायरी. तरी ती न दिसणारी रेघ ओलांडायची तिची प्राज्ञा नव्हती. ही नोंद खतावणीत कोणत्या बाजूला करावी, ते मला कळेना. मी पान उलटलं.

पुढच्या पानावर आमची मुंबई. 1920 साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' नावाचं खातं निघालं आणि त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, आणि खोली 160 चौरस फुटांची. संडास सार्वजनिक. 1930 च्या सविनय कायदेभंगात सरकारला तुरुंग पुरेनात, तेव्हा वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला गेला. फारसे फेरफार करावे लागले नसावेत. (2025 साली वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. म्हणजे घर तिप्पट व्हायला शंभर वर्षं लागली. आमच्या बँकेच्या मुदत ठेवीनेसुद्धा याहून बरं काम केलं असतं.)

आमची खोली बीडीडीतली नव्हे, पण मापाने तिची सख्खी चुलतबहीण. दहा बाय सोळा. तिच्यात सात माणसं आणि एक शिवणयंत्र. तिचे भाग कसे पाडले होते, ते त्या डेकोरेटरला पाहायला मिळायला हवं होतं. मोरीचा गुडघाभर कठडा, म्हणजे बाथरूम संपली. कॉटवर आजोबा, कॉटखाली मी आणि धाकटा भाऊ, म्हणजे दुमजली बेडरूम. आजीच्या जुन्या नऊवारीचा पडदा, त्याच्या अलीकडे बैठक, पलीकडे स्वयंपाक. आणि मधोमध लोखंडी कपाट. गोदरेजने 1923 साली लोखंडी कपाटं करायला सुरुवात केली ती कपडे ठेवण्यासाठी, असा त्यांचा समज असेल. चाळकऱ्यांनी ती घेतली पाठीसाठी. कपाटाचं दार एका बाजूला, पाठ दुसऱ्या बाजूला, झाली भिंत. शिवाय पाठीवर कॅलेंडर लावता येतं.

पण खरी वाटणी घड्याळाची होती. सकाळी सहाला जी जागा बेडरूम, ती सातला देवघर, आठला डायनिंग, दुपारी वडिलांच्या पाळीप्रमाणे पुन्हा बेडरूम आणि रात्री अभ्यासिका. खोली एकच, काटे बदलायचे. आणि सगळ्यांत वर कानांची शिस्त. डोळे कुणालाही मिटता येतात, चाळकऱ्याला कान मिटता यायचे. शेजारी कोण कुणाला काय बोललं, हे शब्दन् शब्द ऐकून दुसऱ्या दिवशी "काय, बरं आहे ना?" असं विचारायला फार मोठी तपश्चर्या लागते.

गंमत म्हणजे मुंबईत या चाळी उभ्या राहत होत्या, त्याच सुमाराला, 1924 साली, हॉलंडमधल्या उट्रेख्त गावात एक बाई आपलं घर बांधून घेत होत्या. त्रूस श्रोडर त्यांचं नाव. आदल्याच वर्षी त्यांचे यजमान वारले होते, पदरात तीन मुलं होती. त्यांनी गाठला गेरिट रीटफेल्ड. सुताराचा मुलगा, खुर्च्या-टेबलं करणारा. बाईंनी सांगितलं, वरच्या मजल्यावर मला भिंती नकोत. मोठ्यांची बोलणी मुलांच्या कानांवर पडली पाहिजेत. मग त्या मजल्यावर सरकत्या फळ्या बसवल्या. दिवसा सरकवल्या की सगळं मोकळं, रात्री ओढल्या की खोल्या. पण हे नगरपालिकेच्या नियमांत बसेना, म्हणून नकाशावर त्या अख्ख्या मजल्याला 'पोटमाळा' म्हणून दाखवून टाकलं. हे वाचलं आणि हॉलंड मला एकदम लालबाग-परळइतकं जवळचं वाटलं. बाई त्या घरात 1985 साली वारेपर्यंत राहिल्या. 2000 साली युनेस्कोने ते घर जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. आमच्या पोटमाळ्याला महापालिकेची नोटीस आली होती.

अमेरिकेतलं खातं थोडक्यात उरकतो. इलिनॉयमध्ये 1951 साली मीस व्हान डर रोह या नामांकित वास्तुशिल्पकाराने डॉ. ईडिथ फार्न्सवर्थ या बाईंसाठी काचेचं घर पुरं केलं. चारी बाजूंनी काच, आत एकच खोली. खर्चावरून दोघं कोर्टात गेले. त्या जगप्रसिद्ध घरात झोपायची जागा वेगळी करायला अखेर काय उभं करावं लागलं? सागवानी कपाट! हा शोध आमच्याकडे कधीचा लागला होता. पेटंट घ्यायचं तेवढं राहून गेलं.

एका रविवारी ही सगळी खतावणी मी घरात वाचून दाखवली. डेकोरेटर "वॉव" म्हणाला. मेव्हणा पेंगला. आई मात्र उट्रेख्तच्या बाईंपाशी अडली.

"त्या फळ्या सरकवायचं कोण?"

"कोण म्हणजे? त्याच सरकवत असतील. त्यांचंच घर ते."

"मग बरोबर," आई म्हणाली. "आपला पडदा बैठकीच्या बाजूने ओढायचा असायचा."

मी गप्प झालो. खरंच की. वडिलांचे मित्र आले की पडदा सरकायचा. आम्हांला परीक्षेसाठी उजेड हवा असला की पडदा उघडायचा. दोरी कायम बैठकीच्या अंगाला. पलीकडचं स्वयंपाकघर आईचं, असं आम्ही समजत होतो. पण ते आईचं कधी करायचं आणि कधी सर्वांचं, हे आईने ठरवलेलं मला एकदाही आठवेना.

"तुला आठवतं," ती म्हणाली, "मी कपाट उघडून उभी असायचे?"

आठवत होतं. दुपारी नाहीतर रात्री निजानीज व्हायच्या आधी आई कपाटाचं दार सताड उघडायची आणि त्याच्या आड पाच-दहा मिनिटं उभी असायची. आम्हांला दिसायची फक्त तिची पावलं. "आई, काय शोधतेस?" असं आम्ही हटकून विचारायचो, आणि आतून हटकून उत्तर यायचं, "किल्ली."

"किल्लीबिल्ली काही शोधत नव्हते," आई म्हणाली. "नुसती उभी असायचे. माझ्या आईचं पत्र आलं की तिथेच वाचायचे. ती गेल्याची तार आली तेव्हाही तिथेच."

मेथीची जुडी संपली होती. तरी ती देठं चाळवत राहिली.

हेइआनच्या सरदारांपासून इलिनॉयच्या काचेपर्यंत मी हजारेक वर्षांचा हिशेब लावला होता, आणि त्यात दीड फुटाची एक खोली जमेला धरायची राहून गेली होती. तीही माझ्या डोळ्यांदेखत, रोज उघडणारी आणि मिटणारी. बँकेत एवढी चूक झाली असती तर मेमो मिळाला असता.

भिंत पाडली. सौभाग्यवतींचं बरोबरच होतं. स्वयंपाक करताना तोंड भिंतीकडे आणि पाठ माणसांकडे, हे त्यांनी तरी किती वर्षं करायचं? आता शेल्फ आहे, रग आहे, लोंबता दिवा आहे. आणि हॉलच्या खिडकीपाशी, चाळीतून आणलेलं ते हिरवं लोखंडी कपाट आडवं उभं आहे. डेकोरेटरने हात जोडून विनवलं, की निदान रंग तरी बदलू द्या, सगळा झोन बिघडतो. आई म्हणाली, रंग कुठलाही द्या, दार माझ्या बाजूला राहू दे. सध्या त्याची पाठ पांढरी आहे आणि दार हिरवं.

संध्याकाळी मी बँकेतून येतो तेव्हा कधीकधी ते दार उघडं असतं आणि खाली दोन पावलं दिसतात. मी चपला आवाज न करता काढतो. काय शोधतेस, असं हल्ली विचारत नाही. किल्ली तर काय, इतकी वर्षं तिच्या कमरेलाच होती.