नव्या बागेतली मेथी निर्दोष आहे

निफाड-दिंडोरीपासून तासगावपर्यंत द्राक्षबागायतदारांत एक मत पक्कं मुरलेलं आहे: बागेत द्राक्षाखेरीज दुसरं पीक नको, नव्या लागणीत तर मुळीच नको. हा संशय आजचा नाही. द्राक्षवेल कोबीकडे पाठ फिरवते, असं ग्रीक पंडित थिओफ्रास्टसने सुमारे 2300 वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. आजचे बागायतदार अशा कल्पनेवर विसंबत नाहीत. त्यांच्यामागे अनुभव आहे आणि तारा-अँगलवर ओतलेला पैसा आहे. म्हणून पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

आक्षेप तीन. भाजीपाला कोवळ्या वेलीचं अन्नपाणी खातो. भाजीवरचे रोग-किडी द्राक्षावर येतात. आणि द्राक्षावरचं औषध भाजीवर पडतं.

पहिला आक्षेप घेऊ. नऊ बाय पाच फुटांवर लागण केली तर एकरात 968 रोपं बसतात. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या डॉगरीज खुंटाची मुळं उन्हाळाभर ठिबकच्या ओल्या पट्ट्यातच फिरतात, कारण त्यापलीकडे त्यांना ओल सापडत नाही. वेलीच्या दोन्ही अंगांना अडीच-अडीच फूट सोडून मधला चार फुटांचा पट्टा वेगळ्या लॅटरलवर भिजवला, तर एकरी जवळजवळ 18 गुंठे जमीन हाती येते. तिथली मेथी कुणाच्या ताटातलं खाते? वेलीचा हात तिथवर पोचलेलाच नसतो. पावसाळ्यात तो पोचू लागतो, हे खरं. तोवर खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला नाही, तर ऑगस्ट-सप्टेंबरचं कलम लांबतं, हेही खरं. पण फेब्रुवारीत पेरलेली मेथी मार्चमध्ये उपटलेली असते. ती पावसाळ्यात चोरी कशी करील? आणि मोकळा ठेवलेला पट्टा पावसात रिकामा राहतो का? तिथे हराळी आणि लव्हाळा माजतो. अन्नपाणी तोही खातो. त्याची जुडी मात्र विकली जात नाही.

दुसरा आक्षेप. ‘रोग येतात’ हे विधान फार ढोबळ आहे. कोणता रोग? कोणत्या भाजीवरून? काकडीवरचा केवडा आणि द्राक्षावरचा केवडा यांचं नाव एक, पण रोगकारक वेगळे. काकडीवरचा द्राक्षाच्या पानावर जगत नाही. भुरीचंही तेच. नामसाम्य हा पुरावा नाही. मिरचीवरचे फुलकिडे मात्र द्राक्षावर खरोखर येतात. टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही पोसले जातात. डॉगरीज त्यांना बऱ्यापैकी तोंड देतो, पण म्हणून घरात शत्रू पाळायचा नसतो. ही चार पिकं नव्या बागेत नकोतच. पण गुन्हा मिरचीचा असताना शिक्षा मेथीला का?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. तो मी निम्मा मान्य करतो. पावसाळ्यात केवडा-करप्याची फवारणी सुरू झाली की त्या ओळींतली पालेभाजी कुणाच्याही ताटात जाता कामा नये. यात तडजोड नाही. मार्चमध्ये उपटलेली मेथी मात्र या फवारणीआधीच निघालेली असते. म्हणून जूनमध्ये खायची भाजी पेरूच नये. मूग, चवळी किंवा ताग पेरावा आणि कलमाआधी फुलोऱ्यातच गाडावा. इथे सोबती-पिकांच्या उत्साही समर्थकांनाही एक बजावतो. शेंगवर्गीय पीक नुसतं शेजारी उभं राहून वेलीला नत्र वाटत नाही. हवेतून धरलेला नत्र बहुतांशी त्याच्याच अंगात राहतो. वेलीच्या वाट्याला तो येतो गाडल्यावर, कुजल्यावर. शेंगा तोडून विकल्या, की त्यातला बराचसा बाजारात गेला.

आता उत्तरपक्षाची मर्यादा. ज्याच्या विहिरीत उन्हाळ्यात वेलीपुरतंच पाणी आहे, त्याने मेथीच्या नादी लागू नये. कलम लागल्यावर वेलीच्या मुळाशी भाजीचं जादा पाणी आणि नत्र जाऊ देऊ नये. काडी कोवळी राहते, पक्व होत नाही. पण ही पथ्यं आहेत. पथ्यांवरून बंदी सिद्ध होत नाही.

पुरावा वाचकांपुढे आहे. फेब्रुवारी-मार्चची मेथी, कोथिंबीर आणि मुळा यांच्यावर ठेवलेल्या तीन आरोपांपैकी एकही टिकत नाही. बागायतदारांना विनंती एवढीच: नव्या बागेत भाजीला नाही म्हणण्याआधी भाजीचं नाव विचारा, आणि पेरणीची तारीख विचारा.