‘कॉल ऑफ’ म्हणजे फोन नव्हे! कोल्हापूरच्या इंग्रजीची दीडशे वर्षं

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

कोल्हापूर सोडून पुण्याला पहिल्या नोकरीवर गेलो होतो. छोटं ऑफिस. काम काय, तर बाहेरगावच्या डीलर लोकांशी बोलायचं, त्यांच्या ऑर्डरी लिहून घ्यायच्या. एका गुरुवारी साहेबांचा मेसेज आला, इंग्रजीत. त्यात होतं, शनिवारची डीलर मीटिंग ‘कॉल ऑफ’ कर. आता ‘कॉल’ म्हणजे फोन, हे आम्हाला माहीत. ‘ऑफ’ काय, असेल आपलं काहीतरी. मी इमानदारीत यादी काढली आणि अकराच्या अकरा जणांना फोन केले. “शनिवारी मीटिंग आहे, नक्की या बरं का, साहेबांनी मुद्दाम फोन करायला सांगितलंय.”

‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणं. हे मला शनिवारी सकाळी कळलं, नऊ माणसं दारात उभी राहिल्यावर. त्यातले एक काका सोलापूरहून रात्रीच्या एस्टीनं आले होते. साहेब सगळ्यांच्या समोर मला म्हणाले, “यू हॅव मेस्ड अप.” गंमत म्हणजे तेही फ्रेजल व्हर्बच. पण त्याचा अर्थ मात्र चेहऱ्यावरून कळला.

त्या दिवशी सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? दहावीला मला इंग्रजीत चांगले मार्क होते. ‘पोस्टपोन’ येत होतं, ‘कॅन्सल’ येत होतं, ‘इन्व्हेस्टिगेट’चं स्पेलिंग झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. आणि अडलो कुठं, तर ‘कॉल’ आणि ‘ऑफ’ या पोराबाळांच्या शब्दांवर. दोन्ही शब्द वेगवेगळे येत होते. एकत्र आले आणि मला अनोळखी झाले.

असं का झालं, याचा मी नंतर बराच शोध घेतला. सुरुवातीला वाटलं, आपण मराठी मीडियमचे, आपली अक्कलच तेवढी. पण जसजसं वाचत गेलो तसतसं लक्षात आलं की दोष अकलेचा नाही. इंग्रजी आपल्याकडे कुठल्या दारानं आली, त्याचा हा परिणाम आहे.

आधी फ्रेजल व्हर्बचं कूळ बघू. इंग्रजी ही दुमजली वाड्यासारखी भाषा आहे. तळमजला आहे जुन्या, अस्सल शब्दांचा: गेट, गिव्ह, पुट, टेक, कम, गो. आणि त्यांच्या जोडीला अप, डाऊन, इन, आऊट, ऑफ. शेतात, स्वयंपाकघरात, बाजारात माणसं हेच बोलायची. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली, पंडितांची लॅटिन होतीच. कोर्ट, चर्च, दरबार यांतले शब्द तिथून आले. तो झाला वरचा मजला. म्हणून एकाच कामाला दोन-दोन शब्द झाले. वर ‘पोस्टपोन’, खाली ‘पुट ऑफ’. वर ‘टॉलरेट’, खाली ‘पुट अप विथ’. वर ‘इन्व्हेस्टिगेट’, खाली ‘लुक इन्टू’. वर ‘कॅन्सल’, खाली माझं ते ‘कॉल ऑफ’.

तळमजला जुना आहे, पण पडीक नाही. बाराव्या शतकात पीटरबरो इथल्या मठात लिहिलेल्या बखरीत ‘गिव्ह अप’चं जुनं रूप सापडतं. पुढे १७५५ साली डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट कबूल केलंय की क्रियापदाला असा छोटा शब्द चिकटला की अर्थ बदलतो आणि परक्या माणसाला तो फार जड जातो. म्हणजे बघा, अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी खुद्द कोशकारानं आपली अडचण ओळखून ठेवली होती! त्यांनी जी उदाहरणं दिली, त्यात ‘टेक ऑफ’चा अर्थ आहे नक्कल करणं. आज उजळाईवाडीच्या विमानतळावर विमान ‘टेक ऑफ’ करतं, आणि घरात शिरताना आपण चपला ‘टेक ऑफ’ करतो. शब्द तेच, अर्थ वाढत गेले. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र अगदी अलीकडचं. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात ते वापरलं आणि सांगितलं की हे नाव ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं होतं.

आता येऊ कोल्हापुरात.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. १८८० साली आपल्याकडे राजाराम कॉलेज सुरू झालं. भवानी मंडपाजवळची ती दगडी इमारत तुम्ही पाहिली असेलच, आज तिथं राजाराम हायस्कूल आहे. कोतळूकसारख्या कोकणातल्या गावी जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले आधी कागलला आणि मग कोल्हापुरात शिकले, ते याच परंपरेतले. त्यांचं पाठांतर दांडगं होतं. इंग्रजी पुस्तकंच्या पुस्तकं ते तोंडपाठ करायचे. पुढे कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात त्यांच्या अर्थसंकल्पावरच्या भाषणांनी सरकारी अधिकाऱ्यांना घाम फोडला.

पण त्या काळात इंग्रजी शिकायची म्हणजे काय शिकायचं? मिल्टन, बर्क, मेकॉले. म्हणजे काव्य, भाषणं, निबंध. आणि शिकून काय करायचं? अर्ज, कज्जे, अहवाल, परीक्षा. सगळं काम वरच्या मजल्यावरचं. जिन्यानं आपण थेट माडीवर गेलो, तळमजल्यावर पाऊलच पडलं नाही. गोखल्यांना कौन्सिलात जे बोलायचं होतं, त्याला ती माडीवरची भाषा शोभून दिसली. पण साहेब घरात बायकोला, पोरांना, घोड्याला काय म्हणतो, हे ऐकायची सोय विद्यार्थ्याला कुठं होती?

मग आली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. तुमच्या आजोबांना विचारा, नाव काढलं की डोळे चमकतील. आधी शब्द आणि अर्थ, मग नियम, मग वाक्यं. इंग्रजीचं मराठी करा, मराठीचं इंग्रजी करा. घरात शिक्षक नसलेल्या कितीतरी पोरांनी कंदिलाच्या उजेडात या पुस्तकावर इंग्रजी उभी केली. माझ्या आजोबांची प्रत अजून आमच्या माळ्यावर आहे, पुठ्ठ्याला खळ लावून चिकटवलेली. त्या पुस्तकाचे उपकार विसरून चालणार नाही. पण शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करायची सवय लागली की ‘कॉल’ला फोन आणि ‘ऑफ’ला बंद, असंच डोकं चालतं. माझं तसंच चाललं.

याच कोल्हापुरात एक माणूस मात्र वेगळ्या वाटेनं इंग्रजीत शिरला होता. छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. हाताशी इंग्रजी बोलणारे शिक्षक, रोजची ऊठबस इंग्रजांत. १८७० साली ते युरोपच्या प्रवासाला निघाले तेव्हा वीस वर्षांचे होते. म्हणजे तुमच्यातल्या कितीतरी जणांएवढेच. त्यांनी इंग्लंड पाहिलं, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि रोजच्या रोज डायरी लिहिली, तीही इंग्रजीत. परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला. तिथं त्यांचं स्मारक आहे आणि जवळच्या पुलालाही ‘भारतीयाचा पूल’ अशा अर्थाचं नाव आहे. ती डायरी १८७२ साली कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून छापली.

मला या डायरीचं अप्रूप वेगळ्याच कारणासाठी वाटतं. डायरी म्हणजे अर्ज नव्हे, भाषण नव्हे. कुठं गेलो, कोण भेटलं, काय पाहिलं. रोजच्या जगण्याची इंग्रजी. राजाच्या पोराला ती कानानं मिळाली. बाकीच्या कोल्हापूरला ती पुस्तकातून, परीक्षेपुरती मिळाली. शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली, १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, शेतकऱ्यांची पोरं शाळेत आली. दारं उघडली. पण कानाला इंग्रजी मिळायची सोय व्हायला आणखी शंभर वर्षं लागली. ती सोय आत्ता तुमच्या खिशात आहे.

बरं, आता एक गुपित सांगतो. फ्रेजल व्हर्ब आपल्याला परके नाहीतच. आपल्या मराठीचाही वाडा दुमजलीच आहे! वर ‘स्थगित करणे’, खाली ‘पुढं ढकलणे’. वर ‘सहन करणे’, खाली ‘खपवून घेणे’. वर ‘त्याग करणे’, खाली ‘सोडून देणे’. आणि आपणही साध्या क्रियापदाला दुसरं छोटं क्रियापद जोडून अर्थ पार फिरवतो. ‘बघ’ घ्या. ‘जरा बघून घे’ म्हणजे तपासून घे. ‘बघत बस’ म्हणजे तुझ्या हाती काही लागणार नाही. आणि रंकाळ्यावर कुणी डोळे वटारून म्हणालं, “बघून घेतो तुला,” तर तो तुमच्याकडं बघणारही नाही आणि काही घेणारही नाही. तुम्ही गाडीला किक मारायची! आता एखाद्या इंग्रजानं हे कोशात बघून शब्दाला शब्द लावला तर त्याचा माझ्यासारखाच पोपट होईल.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. इंग्रजी फ्रेजल व्हर्बला मराठीतला तळमजल्यावरचा जोडीदार शोधायचा. ‘पुट ऑफ’ला पुढं ढकलणं. ‘पुट अप विथ’ला खपवून घेणं. ‘ब्रश ऑफ’ला उडवून लावणं. ‘लुक इन्टू’ला लक्ष घालणं. ‘बॉइल ओव्हर’ला उतू जाणं. आणि यादी पाठ करण्यापेक्षा एक चित्र डोळ्यांसमोर धरायचं. माझं चित्र खासबागचं आहे, शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान. पैलवान आखाड्यात ‘शो अप’ होतो, म्हणजे हजर होतो. समोरच्याला ‘टेक ऑन’ करतो, म्हणजे अंगावर घेतो. पकड सोडत नाही, ‘होल्ड ऑन’ करतो. आयत्या वेळी माघार घेतली तर तो ‘बॅक आऊट’. आणि दम संपला, हात टेकले, तर ‘गिव्ह अप’. एका कुस्तीत पाच झाले, आणि एकही पाठ करावं लागलं नाही.

वापराची एक खोच तेवढी सांभाळा. ‘पुट ऑफ द मीटिंग’ चालतं, ‘पुट द मीटिंग ऑफ’ही चालतं. पण मीटिंगऐवजी ‘इट’ म्हटलं की ते मधेच बसतं: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ म्हणायचं नाही. नवल वाटतंय? आपणही ‘टाकून दे’च्या मधे ‘च’ बसवून ‘टाकूनच दे’ म्हणतोच की. पण प्रत्येक जोडी अशी फुटत नाही. ‘लुक आफ्टर’ फुटत नाही: ‘लुक आफ्टर हिम’ बरोबर, ‘लुक हिम आफ्टर’ चूक. कुठली फुटते, कुठली नाही, हे ऐकून ऐकूनच कळतं. म्हणून कानाला इंग्रजी लावा. क्रिकेटची कॉमेंट्री असो, सिनेमा असो, नाहीतर कुणाची मुलाखत. एक जोडी ऐकली की अख्ख्या वाक्यासकट लिहून ठेवा.

आणि माडीवरची इंग्रजी टाकून देऊ नका बरं का. अर्जात, अहवालात ‘पोस्टपोन’च शोभतं. दोन्ही मजल्यांवर ये-जा जमली पाहिजे, एवढंच.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पहिलीपासून इंग्रजी होती, २००० सालापासून तसं झालं. आम्हाला पाचवीला एबीसीडी. तरी कॉलेजची पोरं मला भेटून सांगतात, “दादा, वाचता येतंय, पण समोरचा बोलायला लागला की कळंना झालंय.” त्यांना मी सांगतो, भावा, तू कमी नाहीस. तुला वाड्याचा निम्माच भाग दाखवलाय.

राहिली सोलापूरच्या काकांची गोष्ट. त्या शनिवारी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. माफी मागितली. ते म्हणाले, “अरे पोरा, मला ते मेसेज आलं असतं, तर मीबी फोनच लावला असतो की.” मग त्यांनी मलाच चहा पाजला. पुढं वर्षभर त्यांचा फोन यायचा, आणि ठेवताना ते हसून विचारायचे, “मग, आज काय ऑफ?”

तर मंडळी, आज इथंच थांबू. तुमचा असा पोपट झाला असेल तर व्हॉइस नोट करून पाठवा, लाजू नका. भेटू पुढच्या भागात. तोवर, ‘कीप अप’. म्हणजे काय, ते आज तुम्ही शोधायचं!