आकाशातला डोळा



हमाल-मापाड्यांच्या संघटनेत काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत ड्रोनवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. माझी शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या संगतीत झाले. हा विषय मी होऊन निवडला नाही, तो माझ्या डोक्यावर येऊन घिरट्या घालू लागला. तीन वर्षांपूर्वी संत्रा निवडणाऱ्या बायांची मजुरीवाढीसाठी सभा चालू होती. मध्येच वर भुंग्यासारखा आवाज झाला. बायांनी पदर पुढे ओढले. एक म्हातारी मला म्हणाली, "भाऊ, वरून कोन पाहून राह्यलं?" मला उत्तर देता आले नाही. पुढच्या सभेला निम्म्या बाया आल्याच नाहीत. मागाहून कळले की ते यंत्र कोणा मालकाचे नव्हते, आपल्याच गावातल्या एका हौशी तरुणाचे होते. तरीही बायांची भीती खोटी म्हणता येत नाही. ती कोठून आली हे शोधताना मी इतिहासात शिरलो.

उंचावरून मुलूख पाहणे हे पूर्वापार सत्तेचे काम. गाविलगड ज्याच्या हाती, त्याच्या नजरेखाली वऱ्हाडचे मैदान. पुढे कंपनी सरकारने १८०२ साली मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. विल्यम लॅम्ब्टन हा अधिकारी कोन मोजण्याचे अर्धा टन वजनाचे यंत्र टेकड्यांवर चढवीत उत्तरेकडे सरकत राहिला, आणि २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या शेजारच्या हिंगणघाटास वारला. त्याचे नाव ग्रंथांत राहिले. ते यंत्र वाहून नेणाऱ्या आणि निशाण धरून उन्हात उभ्या राहणाऱ्या खलाशांची नावे राहिली नाहीत.

नंतर गावोगाव मोजणीची साखळी आली. शंकूसाखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि तितकीच रुंद जागा म्हणजे एक गुंठा. सारा बसवायचा होता तो शेतावर. म्हणून काळी बारकाईने मोजली गेली, आणि बहुसंख्य लहान गावांची पांढरी, म्हणजे गावठाण, नकाशात एकच ठिपका होऊन राहिली. ज्याला शेत नाही, नुसते घर आहे, त्याच्या घराला कागद मिळाला नाही. सरकारला जे हवे होते तेवढेच सरकारने पाहिले.

कॅमेऱ्याचा इतिहास मात्र निराळ्या वाटेने गेला. १८५८ साली नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने फुग्यात बसून पॅरिसजवळच्या एका खेड्याचे चित्र घेतले. १८८८ साली आर्थर बातूने पतंगाला कॅमेरा बांधला. १९०७ च्या सुमारास नॉयब्रोनर या जर्मन औषधविक्याने कबुतराच्या छातीवर चिमुकला कॅमेरा अडकवला. ही सारी हौसेची माणसे. वरून पाहण्याचा हक्क त्यांनी सत्तेकडून थोडाथोडा सोडवून घेतला, असे म्हटले तरी चालेल. तथापि पतंग वाऱ्याच्या मर्जीवर, कबूतर स्वतःच्या.

ही अडचण सुटली ती मोबाइल फोनमुळे. फोनसाठी तोल ओळखणारी सूक्ष्म यंत्रे स्वस्त झाली, बॅटऱ्या हलक्या झाल्या. चार पंखे, त्यांतले दोन उजवीकडे फिरणारे व दोन डावीकडे. त्यांचा वेग कमीजास्त केला की यंत्र वळते, सरकते, उभे राहते. मुंबईत पवईच्या आयआयटीतून निघालेल्या तरुणांनी २००७ साली आयडियाफोर्ज ही कंपनी काढली. २००९ च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटातले उडते यंत्र त्यांचेच. २०१३ साली चीनमधील डीजेआय कंपनीचा 'फँटम' निघाला आणि हौशी लोकांच्या हाती आकाशातला कॅमेरा आला. आपल्या सरकारने ७ ऑक्टोबर २०१४ रोजी बंदी घातली, १ डिसेंबर २०१८ पासून कडक नियमांनी वाट उघडली, आणि २५ ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी ती पुष्कळ रुंद केली.

आता हौशी तरुणांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. प्रथम वजन पाहा. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतच्यालाही हौसेपुरते लागत नाही, पण त्याच यंत्राने लग्नाचे पैसे घेऊन चित्रण केले तर लागते. नोंदणी करावीच. तयार परदेशी ड्रोन आणण्यावर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. म्हणून पावती, नोंदणी आणि दुरुस्तीची सोय यांची खात्री केल्यावाचून पैसे देऊ नका. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. कॅमेरा स्थिर धरणारी गिंबल आहे काय, ते आधी विचारा. हलके यंत्र वाऱ्यात वाहते, हेही ध्यानात असू द्या.

उडवण्यापूर्वी सरकारी नकाशात जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते पाहावे. तेथेही ४०० फुटांच्या वर जाऊ नये. उपग्रहांची खूण मिळेपर्यंत थांबावे. परतीची उंची झाडांपेक्षा व विजेच्या खांबांपेक्षा जास्त ठेवावी. बारीक तार कॅमेऱ्याला दिसत नाही. यंत्र नजरेआड करू नये, आणि बॅटरी तिसरा हिस्सा उरली की खाली उतरवावे. आपल्याकडच्या मे महिन्यात बॅटरी उन्हात ठेवणे म्हणजे संकटाला बोलावणे.

पण सर्वांत मोठा नियम मला सापडला तो गावठाणाच्या मोजणीत. लॅम्ब्टनची मोजणी पुढे ज्या खात्यात सामील झाली, त्याच भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख खात्यासह पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी, ड्रोनने गावठाण मोजून पाहिले. २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना देशभर जाहीर झाली. तिची रीत पाहा: आधी गावकरी आपापल्या हद्दी चुन्याने आखतात, शेजाऱ्यांसमक्ष, मग यंत्र उडते आणि तो चुना टिपते. दीडशे वर्षे जे घर ठिपक्यात हरवले होते, त्याला अशा रीतीने मिळकत पत्रिका मिळू लागली. यंत्र तेच, उंची तीच. फरक एवढाच की खालच्या माणसाला आधी विचारले आणि रेघ त्याने ओढली.

मी त्या तरुणाला गाठले. मुलगा सरळ होता; त्याला सभेचे दृश्य सुंदर वाटले होते, एवढेच. त्याला मी म्हातारीकडे नेले. त्याने ड्रोन वर नेला आणि पडदा तिच्या हाती दिला. ती म्हणाली, "माह्यं घर दाव." बराच वेळ ती आपल्या टिनाच्या छपराकडे पाहत राहिली.

पुढच्या सभेत त्याने आधी उभे राहून विचारले, "उडवू का?" बायांनी नको म्हटले. त्याने यंत्र पिशवीतच ठेवले. त्या दिवशी सगळ्या बाया शेवटपर्यंत बसल्या होत्या, आणि मजुरीचा ठराव त्यांनीच मांडला.