उतारवयातही टिकणारी ठोशाची ताकद

मुष्टियुद्धाच्या जगात एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वय झाले की मुष्टियोद्ध्याचे पाय आधी मंदावतात, मग नजरेची आणि हातांची चपळाई जाते. ठोशाची ताकद मात्र सर्वांत शेवटी जाते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, या म्हणीची आठवण करून देणारी ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार करताना जॉर्ज फोरमन या अमेरिकी मुष्टियोद्ध्याचे उदाहरण प्रथम डोळ्यांसमोर येते.

५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास व्हेगास येथे फोरमन जागतिक हेविवेट विजेतेपदासाठी मायकेल मूररविरुद्ध रिंगमध्ये उतरला. त्याचे वय होते ४५, तर मूररचे २६. नऊ फेऱ्यांअखेर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर मूरर आघाडीवर होता. दहाव्या फेरीत फोरमनने डाव्या हाताच्या ठोशामागोमाग उजव्या हाताचा एक आखूड, सरळ ठोसा त्याच्या हनुवटीवर लगावला. मूरर पाठीवर कोसळला आणि रेफरीने दहा अंक मोजून होईपर्यंत उठू शकला नाही. वीस वर्षांपूर्वी महंमद अलीकडून गमावलेले विजेतेपद फोरमनने परत मिळवले. त्या वेळी अलीच्या कोपऱ्यात असलेले प्रशिक्षक अँजेलो डंडी या रात्री फोरमनच्या कोपऱ्यात होते.

वयाबरोबर काय जाते?

माणसाच्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू दीर्घकाळ काम करतात. जलद तंतू क्षणार्धात आकुंचन पावून स्फोटक जोर देतात, पण लवकर थकतात. वयानुसार प्रामुख्याने जलद तंतूच आकसतात. त्यांना आज्ञा पोहोचवणाऱ्या चेतापेशीही कमी होत जातात आणि अनाथ झालेले काही तंतू संथ तंतूंच्या चेतांशी जोडले जातात. परिणामी, वजन उचलण्याचे निव्वळ बळ बऱ्यापैकी टिकून असले, तरी तेच बळ झटक्यात वापरण्याची क्षमता अधिक वेगाने घटते. हा हिशेब पाहिला, तर चाळिशीनंतर ठोसा दुबळाच व्हायला हवा. प्रत्यक्षात तसे सरसकट घडत नाही, कारण ठोशाची ताकद केवळ स्नायूंच्या वेगावर अवलंबून नसते.

ठोसा पायांतून निघतो

ब्रिटनमध्ये १९८५ मध्ये फ्रँक ब्रुनो या हेविवेट मुष्टियोद्ध्याच्या ठोशाचे मोजमाप करण्यात आले. आघाताच्या क्षणी त्याच्या मुठीचा वेग सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर होता आणि आघाताचे बल ४,०९६ न्यूटनपर्यंत गेले. सुमारे ४०० किलो वजनाच्या भाराइतका हा दाब एका सेकंदाच्या सत्तराव्या हिश्शात निर्माण झाला होता.

पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात ऑलिम्पिक मुष्टियोद्ध्यांचे ठोसे तपासले गेले. वजनदार गटातील खेळाडूंच्या ठोशाचे बल अधिक आढळले. पण त्याचे मुख्य कारण मुठीचा वेग नव्हते. आघाताच्या क्षणी मुठीमागे शरीराचे जितके वस्तुमान प्रत्यक्ष उभे राहते, ते त्यांच्या बाबतीत अधिक होते.

हे वस्तुमान मुठीमागे आणण्यासाठी मागच्या पावलाने जमीन रेटावी लागते. तो रेटा पायातून नितंबात, तिथून कंबरेच्या पिळातून खांद्यात आणि अखेरीस मुठीत पोहोचतो. साखळीतील एक कडी जरी आधी किंवा नंतर हलली, तरी जोर वाटेतच जिरतो. १२० मुष्टियोद्ध्यांच्या एका सोव्हिएत अभ्यासात असे दिसले, की अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के होता, तर कनिष्ठ दर्जाच्या खेळाडूंमध्ये तो १७ टक्क्यांच्या आसपासच होता. नवखा खेळाडू हाताने मारतो. मुरलेला खेळाडू जमिनीपासून मारतो. ही साखळी हजारो तासांच्या सरावाने अंगवळणी पडते आणि अंगवळणी पडलेली गोष्ट स्नायूंच्या वेगाइतकी लवकर जात नाही.

शैथिल्याचेही तसेच आहे. अननुभवी खेळाडू सुरुवातीपासून हात आवळून ठेवतो, त्यामुळे त्याचे स्नायूच एकमेकांना अडवतात. जाणकार खेळाडू ठोसा निघताना जोर लावतो, वाटेत हात सैल सोडतो आणि मूठ लक्ष्याला टेकताच मनगट, खांदा व धड पुन्हा ताठ करतो. त्या क्षणिक ताठपणामुळे मुठीमागे सारे शरीर उभे राहते.

दोन फोरमन

१९७३ मध्ये किंग्स्टन येथे जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडणारा फोरमन तरुण आणि भयंकर होता. मात्र १९७४ मध्ये किन्शासा येथे अलीने दोरांना टेकून त्याला मनसोक्त मारू दिले. २५ वर्षांचा फोरमन मारता मारता दमला आणि आठव्या फेरीत स्वतःच कोसळला. ताकद होती, ती राखून वापरण्याची समज नव्हती.

१९७७ मध्ये निवृत्त होऊन तो धर्मोपदेशक झाला आणि दहा वर्षांनी, १९८७ मध्ये रिंगमध्ये परतला. ती दहा वर्षे त्याच्या शरीराने ठोसे झेलले नाहीत. किन्शासात सुमारे १०० किलो असलेले त्याचे वजन मूररविरुद्ध ११३ किलो होते. त्याचा वेग घटला होता, पण मुठीमागचे वस्तुमान वाढले होते. तो सावकाश पुढे सरकत असे, दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरून बचाव करीत असे आणि ठोसे मोजून मारीत असे. आडव्या हातांचा हा बचाव आर्ची मूर या जुन्या विजेत्याची खूण होती. मूरने १९५८ मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, मॉन्ट्रियल येथे इव्हॉन ड्युरेलविरुद्ध पहिल्याच फेरीत तीनदा खाली पडूनही अकराव्या फेरीत नॉकआउट विजय मिळवला होता.

न दिसलेला ठोसा

समोरच्याला खाली पाडण्यासाठी बलाइतकेच महत्त्व वेळेला असते. येणारा ठोसा दिसला, तर माणूस नकळत मान ताठ करतो आणि धक्का धडात पसरतो. तो न दिसल्यास डोके झटक्याने फिरते, मेंदूला हिसका बसतो आणि शुद्ध हरपते. मूररला पाडणारा ठोसा फोरमनच्या कारकिर्दीतील सर्वांत जोरकस होता, असे म्हणण्याचे कारण नाही. नऊ फेऱ्या त्याने डाव्या हाताने अंतर मोजले, मूररला समोर उभे राहण्याची सवय लावली आणि मग आखूड वाटेने उजवा हात सोडला. वयाने गेलेला वेग त्याने अंतर कमी करून भरून काढला.

मर्यादा

या भांडवलालाही मर्यादा असतात. १९९३ मध्ये टॉमी मॉरिसन सतत सरकत राहिला आणि बारा फेऱ्यांत फोरमनला गुणांवर हरवून गेला. ज्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही, त्याच्यापुढे ताकद निरुपयोगी ठरते. कमी वजनाच्या गटांत, जिथे ठोसा वेगावर अधिक विसंबतो, तिथे चित्र वेगळे दिसते. फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओने नोव्हेंबर २००९ नंतर थेट जुलै २०१८ मध्येच प्रतिस्पर्ध्याला मुदतीपूर्वी हरवले. बर्नार्ड हॉपकिन्सने २०११ मध्ये वयाच्या ४६व्या वर्षी फोरमनचा सर्वांत वयस्कर विजेत्याचा विक्रम मोडला आणि ४९व्या वर्षापर्यंत लढती जिंकल्या; परंतु २००४ नंतर त्याचा एकही विजय नॉकआउटने आला नाही. त्याला तारले ते बचावाने व डावपेचांनी.

ताकदीची फसवणूक

ठोसा शेवटपर्यंत टिकतो, यातच धोका दडलेला आहे. सरावाची पंचिंग बॅग पूर्वीसारखीच हादरते, पण ती उलट मारत नाही. त्यामुळे आपण अजून तसेच आहोत, असे मुष्टियोद्ध्याला वाटते. दरम्यान, ठोसा चुकवण्याची चपळाई गेलेली असते आणि मेंदूवरील आघातांचा हिशेब साचत राहतो. वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारी मेंदूची हानी वर्षांनंतर प्रकट होते आणि ती भरून येत नाही. ३७ वर्षांच्या जो लुईला १९५१ मध्ये रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले, तेव्हा तो करांची देणी फेडण्यासाठी लढत होता. पैशाची गरज आणि उरलेल्या ठोशावरचा विश्वास, या दोन गोष्टींनी अनेकांना रिंगमध्ये गरजेपेक्षा अधिक काळ थांबवले आहे.

फोरमनची अखेरची लढत नोव्हेंबर १९९७ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी झाली. शॅनन ब्रिग्जविरुद्धचा तो निकाल विरोधात गेला आणि बराच वादग्रस्तही ठरला. फोरमन पुन्हा लढला नाही. मार्च २०२५ मध्ये ७६व्या वर्षी त्याचे निधन झाले. ८१ व्यावसायिक लढतींपैकी ७६ विजय आणि त्यांतील ६८ नॉकआउट, असा त्याचा लेखा आहे.