‘शहीद’ म्हटले की मारेकरी दिसेनासा होतो

दरवर्षी १४ जानेवारीला आमच्या देवगाव रंगारीतून पोरे विद्यापीठ गेटला अभिवादन करायला जातात. कोणी मोटारसायकलवर, कोणी लासूर स्टेशनमार्गे एसटीने. यंदा माझी भाचीही सोबत होती, सातवीतली. गेटवर रोषणाई, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, पाय ठेवायला जागा नाही. शहीद स्मारकापाशी फुले वाहिली. तिने हात जोडले आणि विचारले, "मामा, ह्यांना कोणी मारलं? पोलिसांनी?"

मी म्हणालो, "काहींना पोलिसांनी." आणि पुढे अडलो. कारण उरलेले उत्तर आपण इतकी वर्षे मोठ्याने दिलेलेच नाही.

शहीद हा शब्द सीमेवरच्या जवानाला लागू पडतो, समोर शत्रू असतो म्हणून. पोचीराम कांबळे सीमेवर गेले नव्हते. नांदेड जिल्ह्यातले टेंभुर्णी (सोलापूरकडचे नव्हे) हे त्यांचे स्वतःचे गाव. ४ ऑगस्ट १९७८ रोजी तिथेच त्यांचे हातपाय तोडून त्यांना जाळले. मारणारे परके नव्हते, रोजच्या बघण्यातले होते. सुगावच्या जनार्दन मवाडेंचेही तेच. ही हत्या आहे. शहीद म्हणून आपण त्यांचा सन्मान करतो, तो केलाच पाहिजे. पण त्या एका शब्दात मारेकरी सुखरूप लपून बसतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

तारखा पाहा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर लगेच नांदेड, परभणी, बीड पेटले. वस्त्या जाळल्या, विहिरी नासवल्या, लोक रानात पळाले. अत्याचार विरोधी समितीच्या अहवालात सुमारे १२०० गावांना झळ लागल्याची नोंद आहे. ठराव सभागृहाचा, आणि शिक्षा ज्यांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती त्यांना!

विरोध करणारे म्हणत, हा मराठवाड्याच्या अस्मितेचा प्रश्न आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे नेतेही विरोधात होते. शहरात त्यावर भाषणे, अग्रलेख झाले. पण खेड्यात कोणाला पाटीवरच्या अक्षरांचे एवढे पडले होते? तिथे राग होता तो गायरान कसणाऱ्यावर, गावकीची कामे सोडणाऱ्यावर, १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत काढलेल्या कॉलेजात शिकून इस्त्रीचा शर्ट घालून गावी परतणाऱ्यावर. नाव हे निमित्त होते. आणि पोचीराम मातंग समाजातले होते, हे विसरून चालणार नाही. जयभीम म्हणणे हा फक्त एका जातीचा मक्ता आहे असे आजही सांगणाऱ्यांनी टेंभुर्णीकडे पाहावे.

इथे आम्हा कन्नड तालुक्यातल्या लोकांना थोडा अभिमान आहे, तो सांगू द्या. ३० डिसेंबर १९३८ रोजी मक्रणपूरच्या परिषदेत बाबासाहेबांसमोर भाऊसाहेब मोरे यांनी जयभीमचा उच्चार केला, तो याच मुलखात. त्या दोन शब्दांसाठी ४० वर्षांनी नांदेडात माणूस जाळला गेला.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून जोगेंद्र कवाडे सरांचा लाँग मार्च निघाला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव मिळाले, तेही ‘मराठवाडा’ शब्द तसाच ठेवून, म्हणून नामविस्तार. ठरावापासून साडेपंधरा वर्षे!

आपण साजरा करतो तो जिंकण्याचा दिवस. करावाच. पण मागे एकदा ४ ऑगस्टला कामानिमित्त शहरात होतो, तेव्हा मुद्दाम गेटवर गेलो. मी होतो, एक रिक्षावाला होता आणि पाऊस होता. १४ जानेवारीला मंचावर जागा कमी पडते, ते सारे त्या दिवशी कुठे असतात?

काही जण म्हणतात, जुन्या जखमा कशाला उकरता, गावात आता सगळे गुण्यागोविंदाने राहतात. राहत असतील तर चांगलेच. मग गावाने गावात काय घडले ते सांगायला काय हरकत आहे? जखम उकरायची नाही, तिच्यावर नाव-गाव-तारीख लिहायची आहे. प्रत्येक नावापुढे गाव लिहा, दिवस लिहा, आणि मृत्यू कसा आला तेही लिहा: गावकऱ्यांच्या हातून, पोलिसांच्या गोळीने की आत्मदहनाने. तेवढे झाले तरी सातवीतल्या पोरीला मामाला विचारावे लागणार नाही.

परतताना एसटीत भाचीला जेवढे माहीत होते तेवढे सगळे सांगितले. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले: टेंभुर्णी, जिल्हा नांदेड, ४ ऑगस्ट १९७८. येत्या ४ ऑगस्टला आम्ही दोघे तिकडे निघणार आहोत. देवगाव, लासूर, कन्नडमधून ज्यांना यायचे आहे त्यांनी आधी कळवावे, म्हणजे गाडीचे बघता येईल.

जयभीम!