चाकांवरचे घर आणि साडेतीन टनांचा हिशेब

चालकाच्या आसनामागेच बिछाना, शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी आणि शौचालय सामावून घेणाऱ्या वाहनाला मोटारहोम म्हणतात. मोटारीमागे ओढून नेण्याची कॅरॅव्हॅन वेगळी. मोटारहोमला स्वतःचे इंजिन असते आणि त्यामुळेच त्याच्या मालकाला एकाच वेळी दोन जबाबदाऱ्या पार पाडाव्या लागतात. एक वाहनधारकाची आणि दुसरी घरमालकाची. जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये निवृत्तीनंतर आयुष्यभराची शिल्लक अशा वाहनात गुंतवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. नव्या मोटारहोमची किंमत साधारणपणे साठ-सत्तर हजार युरोंपासून पुढे जाते. एवढी रक्कम मोजल्यानंतर वाहन दारात उभे राहते, तेव्हा त्याच्या कागदपत्रांतील एका आकड्याकडे बहुतेकांचे लक्ष उशिराच जाते. तो आकडा आहे ३,५०० किलो. परवाना, पथकर, वेगमर्यादा आणि परदेशातील प्रवासाची मोकळीक या सर्व गोष्टी त्यावर अवलंबून असतात.

मोटारहोम बहुधा दोन कारखान्यांत तयार होते. इंजिन, चाके आणि चालकाची केबिन एक मोटार कंपनी बनवते. त्यावर घर बांधण्याचे काम दुसरी कंपनी करते. फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये वेस्टफालिया या जर्मन कंपनीने १९५१ पासून बिछाना आणि कपाटे बसवण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून ही विभागणी रूढ आहे. १९८१ मध्ये बाजारात आलेली फियाट ड्युकाटो पुढे युरोपातील बहुसंख्य मोटारहोमचा पाया ठरली. या पद्धतीचा परिणाम असा, की हमीपत्रेही दोन आणि देखभालीची वेळापत्रकेही दोन असतात. इंजिनाचे काम करणारी कार्यशाळा छताच्या गळतीला हात लावत नाही आणि घराचे काम करणारा कारागीर ब्रेककडे पाहत नाही. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण येथे थोडी बदलून म्हणावी लागेल. हे घर बांधून तयारच मिळते, खरी परीक्षा ते सांभाळण्यात असते.

वजनाचे गणित

३,५०० किलो म्हणजे सर्व सामान व प्रवाशांसह वाहनाचे कमाल अनुज्ञेय वजन होय. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात याशिवाय ‘चालू स्थितीतील वजन’ असा एक आकडा असतो. युरोपीय नियमांनुसार त्यात ७५ किलो वजनाचा चालक आणि नव्वद टक्के भरलेली इंधनाची टाकी धरली जाते. पाण्याची टाकी मात्र अनेक उत्पादक पूर्ण भरलेली धरत नाहीत. प्रवासात थोडेच पाणी बाळगावे, असे गृहीत धरून काही लिटरच मोजतात. शिवाय प्रत्यक्ष वजन या आकड्यापेक्षा पाच टक्क्यांपर्यंत कमी-जास्त असण्याची मुभा आहे.

याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, चालू स्थितीतील वजन ३,००० किलो आहे. कागदावर ५०० किलो शिल्लक दिसतात आणि ते पुरेसे वाटतात. त्यातून सोबतच्या जोडीदाराचे ६५ किलो वजा करावेत. टाकीत न धरलेले ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. गॅसचे दुसरे भरलेले सिलिंडर २३, बाजूला उघडणारे कापडी छत ३०, विजेवर चालणाऱ्या दोन सायकली आणि त्यांचा मागचा सांगाडा मिळून ६५, जादा बॅटरी व छतावरील सौर पत्रे ३५. एकूण २९८ किलो झाले. उरलेल्या २०२ किलोंत कपडे, भांडी, धान्य, खुर्च्या, अवजारे आणि पुस्तके बसवायची. पण ३,००० किलोंवर पाच टक्के म्हणजे १५० किलोंची वाढ नियमात बसते. ती आपल्याच वाहनाच्या वाट्याला आली, तर हातात उरतात ५२ किलो. उन्हाळ्याच्या सुटीत दोन नातवंडे सोबत आली, की मर्यादा ओलांडली गेलीच. सामान भरून झाल्यावर सार्वजनिक वजनकाट्यावर वाहन तोलून घेणे हाच या गणिताचा विश्वासार्ह पडताळा आहे. माहितीपत्रकावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते.

एकूण वजनाइतकेच महत्त्व ते कोणत्या चाकांवर पडते यालाही आहे. मागच्या चाकांपलीकडे दोन मीटर अंतरावर सांगाड्यावर ६० किलोंच्या सायकली टांगल्या आणि पुढच्या-मागच्या चाकांत चार मीटर अंतर असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर ६० नव्हे तर ९० किलो भार पडतो आणि पुढच्या चाकांवरचा ३० किलोंनी कमी होतो. बहुतेक मोटारहोम पुढच्या चाकांच्या बळावर चालतात. त्यामुळे पुढचा भार घटला, की ओल्या गवतावर चाके जागीच फिरू लागतात आणि पावसाळी रस्त्यावर सुकाणूची पकड सैल होते. जड वस्तू तळाशी आणि दोन्ही चाकांच्या मध्ये ठेवाव्यात, हा जुन्या जाणत्यांचा आग्रह त्यासाठीच असतो.

मर्यादेच्या अलीकडे आणि पलीकडे

युरोपात मोटारीचा साधा ‘ब’ वर्गाचा परवाना ३,५०० किलोंपर्यंत चालतो. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पूर्वी आणि जर्मनीत १९९९ पूर्वी परवाना मिळालेल्यांना साडेसात टनांपर्यंतची वाहने चालवण्याचा अधिकार आपोआप लाभला होता. त्यानंतरच्या पिढीला त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. आजोबांना चालवता येणारे मोटारहोम नातवाला चालवता येत नाही, असा विचित्र प्रसंग त्यामुळे उद्भवतो. युरोपीय संघाने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या नव्या निर्देशानुसार ठरावीक प्रशिक्षण किंवा चाचणीनंतर ‘ब’ परवान्यावर ४,२५० किलोंपर्यंतचे मोटारहोम चालवता येईल. मात्र ही तरतूद आपापल्या कायद्यात आणण्यासाठी सदस्य देशांना काही वर्षांची मुदत आहे.

पथकराचेही तसेच. ऑस्ट्रियात साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनाला ठरावीक मुदतीची चिठ्ठी पुरते. त्याहून जड वाहनात उपकरण बसवून प्रत्येक किलोमीटरचा कर भरावा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये हलक्या वाहनाला वर्षाला ४० फ्रँकची चिठ्ठी लागते, जडाला अवजड वाहनांचा वेगळा कर. फ्रान्समध्ये वजनाबरोबर उंचीही मोजली जाते आणि तीन मीटरला पोहोचलेले वाहन वरच्या श्रेणीत जाते. याच देशात १ जानेवारी २०२१ पासून साडेतीन टनांहून जड मोटारहोमच्या दोन्ही बाजूंस आणि मागे, चालकाला न दिसणाऱ्या कोपऱ्यांचा इशारा देणाऱ्या पट्ट्या लावणे सक्तीचे झाले. जर्मनीत खासगी मोटारहोमला महामार्गाचा कर नाही. पण साडेतीन ते साडेसात टनांच्या वाहनाला तेथे ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे.

ओल, गॅस आणि हिवाळा

घराच्या बाजूने पाहिले तर मोटारहोमचा मोठा शत्रू ओल आहे. भिंती ॲल्युमिनियम किंवा फायबरच्या पातळ पत्र्यांच्या असतात. आत फोम आणि कित्येकदा लाकडी पट्ट्या. खिडक्या, छतावरील झरोके आणि कोपऱ्यांचे सांधे लवचीक लेपाने बंद केलेले असतात. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी आणि उन्हाने हा लेप भेगाळतो. पाणी आत शिरते ते लगेच दिसत नाही. भिंत मऊ लागू लागते तेव्हा आतले लाकूड कुजलेले असते आणि दुरुस्तीचा खर्च हजारो युरोंत जातो. म्हणूनच दरवर्षी ओलमापकाने भिंती तपासून घेतात. ही तपासणी चुकवली, तर घराच्या हमीपत्राचा आधार सुटतो. जुने वाहन घेणाऱ्याने इंजिनाआधी तपासण्यांच्या नोंदींची वही मागावी.

गॅस हा त्याहून गंभीर विषय. द्रवरूप गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. तो बाहेर पडावा यासाठी फरशीला झरोके ठेवलेले असतात. थंडी वाजते म्हणून ते चिंधीने बुजवणारे लोक आहेत, आणि ते जिवाशी खेळत असतात. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्योतीतून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेत त्याची चाहूल लागत नाही. त्याचा इशारा देणारे यंत्र फार महाग नसते. जर्मनीने १९ जून २०२५ पासून मोटारहोममधील गॅस व्यवस्थेची दर दोन वर्षांनी तपासणी कायद्याने बंधनकारक केली. रेग्युलेटर आणि रबरी नळ्या दहा वर्षांनी बदलण्याचा तेथील दंडक आहे.

विजेचे प्रकरण सोपे असले तरी फसवे आहे. तळांवर निळ्या रंगाच्या तीन खुंट्यांच्या जोडणीतून २३० व्होल्टची वीज मिळते. काही ठिकाणी ती फक्त ६ अँपिअर असते, म्हणजे जेमतेम १,३८० वॅट. दोन हजार वॅटची किटली लावताच वीज जाते. केबलचे वेटोळे पूर्ण उलगडूनच वापरावे. गुंडाळलेली केबल तापून वितळू शकते.

हिवाळ्यात पाणी गोठले, की नळ, पंप आणि पाणी तापवण्याची टाकी फुटतात. त्यामुळे थंडीपूर्वी सर्व पाणी काढून नळ उघडे ठेवतात आणि गाद्या उभ्या करून ठेवतात. टायरबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मोटारहोम वर्षभरात थोडेच चालते, म्हणून टायरची नक्षी शाबूत दिसते. रबर मात्र वयाने कडक होते. टायरवरील शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जर्मनीत ठरावीक महिन्यांपुरतीच नोंदणी घेता येते. ते महिने क्रमांकाच्या पाटीवरच छापलेले असतात. कर आणि विम्यात बचत होते, पण त्या महिन्यांबाहेर वाहन सार्वजनिक रस्त्यावर नुसते उभेही करता येत नाही.

सीमेपलीकडचा मुक्काम

परदेशात रात्र कोठे काढायची, याचे उत्तर देशागणिक बदलते. फ्रान्समधील अनेक गावांनी मोटारहोमसाठी तळ राखले आहेत. तेथे अल्प शुल्कात किंवा विनामूल्य थांबता येते, पाणी भरता येते आणि शौचालयाची पेटी रिकामी करता येते. त्याच देशात १९९३ पासून द्राक्षबागायतदार आणि शेतकरी ‘फ्रान्स पॅशन’ या योजनेखाली मोटारहोमना आपल्या आवारात एक दिवस विनामूल्य थांबू देतात. अट अशी, की वाहनात स्वतःचे शौचालय असावे. जर्मनीत रस्त्याकडेच्या वाहनतळावर थकवा घालवण्यापुरती एक रात्र झोपणे चालते. खुर्च्या मांडल्या, छत उघडले, की तो ‘मुक्काम’ ठरतो. क्रोएशियात अधिकृत तळाबाहेर झोपण्यास मनाई आहे. नॉर्वेमधील निसर्गात मुक्त संचाराचा प्रसिद्ध हक्क पायी फिरणाऱ्यांचा आहे, मोटारींचा नाही. सायकलींचा सांगाडा मागे डोकावत असेल, तर इटली आणि स्पेनमध्ये त्यावर तिरप्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी लागते.

गॅसचे सिलिंडर ही परदेशातील नित्याची पंचाईत. प्रत्येक देशाची तोटी वेगळी, आणि एका देशाचे रिकामे सिलिंडर दुसऱ्या देशात बदलून मिळत नाही. अनेक देशांत मिळणारे निळे छोटे सिलिंडर महाग पडते आणि त्यात मुख्यतः ब्यूटेन असतो. शून्य अंशाच्या आसपास ब्यूटेनची वाफ होणे थांबते, त्यामुळे थंडीत सिलिंडर भरलेले असूनही शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत काम देतो. आल्प्समध्ये जाणाऱ्याने हा फरक घरूनच लक्षात घेऊन निघावे.

ब्रिटिश मालकांचे चित्र १ जानेवारी २०२१ पासून पालटले. पूर्वी संपूर्ण हिवाळा स्पेनमध्ये घालवणाऱ्यांना आता शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत केवळ ९० दिवस राहता येते. तात्पुरत्या आयात नियमांमुळे वाहनाला मात्र सहा महिने राहण्याची मुभा आहे. म्हणजे माणसापेक्षा जास्त काळ वाहन पाहुणचार घेऊ शकते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद सुरू झाल्याने दिवस मोजण्यात आता सूट मिळण्याची आशा नाही. मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमधून युरोपीय संघात नेण्यासही बंदी असल्याने वाहनातला फ्रीज सीमेपूर्वी तपासलेला बरा. काही मालकांनी मोरोक्कोचा रस्ता धरला आहे. तेथील ९० दिवस वेगळे मोजले जातात. मात्र विम्याचे ‘ग्रीन कार्ड’ त्या देशासाठी लागू आहे याची खात्री आधी करावी लागते.

युरोपात भाड्याने मोटारहोम घेऊ इच्छिणाऱ्या भारतीय पर्यटकांसाठीही साडेतीन टनांचा आकडा महत्त्वाचा आहे. भारतातील हलक्या मोटार वाहनाचा परवाना ७,५०० किलोंपर्यंत चालतो. परंतु आपल्या परिवहन कार्यालयातून १९४९ च्या करारानुसार मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय परवान्यातील ‘ब’ वर्ग ३,५०० किलोंवर थांबतो. हा परवाना एक वर्षासाठी असतो आणि मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो. वाहन भाड्याने ठरवण्यापूर्वी त्याचे कमाल अनुज्ञेय वजन लेखी मागून घ्यावे. सहा माणसांच्या मोठ्या मोटारहोमबाबत तर ते अवश्य पाहावे. कारण त्यांतील बरीच वाहने या मर्यादेच्या वरची असतात, आणि जी मर्यादेत असतात, त्यांत सहा जणांचे सामान मावत असले तरी वजनात बसत नाही.