सुरक्षा-संवाद

सुरक्षा-संवाद : काम सुरू होण्यापूर्वी अथवा पाळी बदलताना मुकादम, फोरमन किंवा पाळीप्रमुख आपल्या हाताखालच्या कामगारांना एकत्र करून त्या दिवशीच्या कामातील धोके आणि त्यांवरील तजवीज यांविषयी जी पाच-दहा मिनिटांची नियमित चर्चा करतो, तिला ही संज्ञा लावतात. बांधकामांवर व कारखान्यांत ती ‘टूलबॉक्स टॉक’ किंवा नुसती ‘टीबीटी’ या नावाने ओळखली जाते. वर्गात बसवून दिले जाणारे प्रशिक्षण, सुरक्षा समितीची सभा आणि सुरक्षा सप्ताहातील व्याख्याने यांहून ती भिन्न मानली पाहिजे. कारण तिचे स्थळ म्हणजे प्रत्यक्ष कामाची जागा, तिचा श्रोता म्हणजे ते काम स्वतःच्या हातांनी करणारा मनुष्य, आणि तिचा विषय म्हणजे पुढील आठ तासांत त्या मनुष्यावर जे ओढवू शकेल तेवढाच.

हिंदुस्थानातील पहिला कारखाने कायदा १८८१ साली झाला, तेव्हा बालकामगारांचे तास मर्यादित करणे आणि धोकादायक यंत्रांना कठडे घालणे एवढ्याच बाबींकडे सरकारचे लक्ष होते. कामगाराशी धोक्याविषयी बोलावे, हे कोणाच्याही कर्तव्यात नमूद नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत कामगाराची भरती जॉबरच्या हाती असे आणि त्याच्यावर देखरेखही जॉबरचीच असे, तेव्हा हुकूम खाली जाण्याचा मार्ग पक्का होता, मात्र खालची कैफियत वर येण्याचा मार्ग अरुंदच राहिला. अमेरिकेतील पोलाद-कारखान्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘सेफ्टी फर्स्ट’ची मोहीम उभी राहिली आणि १९१३ साली तेथे राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. भारतात त्याच नावाची परिषद ४ मार्च १९६६ रोजी केंद्रीय श्रम मंत्रालयाने स्थापन केली आणि तो दिवस आज राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

या मोहिमांना तात्त्विक बैठक दिली ती अमेरिकन विमा कंपनीत काम करणाऱ्या एच. डब्ल्यू. हाइनरिख यांच्या १९३१ च्या ग्रंथाने. एका गंभीर दुखापतीमागे एकोणतीस किरकोळ दुखापती आणि इजा न होता टळलेले तीनशे प्रसंग असतात, हे त्यांचे गणित अद्याप अनेक कारखान्यांच्या भिंतींवर त्रिकोणाच्या रूपात टांगलेले आढळते. टळलेल्या प्रसंगांची चर्चा करण्याची प्रथा या गणिताने रूढ केली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु ज्या कागदपत्रांवरून ते काढले ती आज पडताळणीस उपलब्ध नाहीत. आणि बहुसंख्य अपघातांचे मूळ कामगाराच्या चुकीच्या वर्तनात असते, हे त्याच ग्रंथातील प्रतिपादन तर कारखानदारांना अतिशय सोयीचे ठरले. पुष्कळ ठिकाणचा सुरक्षा-संवाद अद्याप उपदेशाच्या सुरात चालतो, याचे एक कारण या वारशात शोधावे लागते.

संवादाचा कस विषयाच्या नेमकेपणावर लागतो. ‘सावध राहा, हेल्मेट घाला’ हे वाक्य कोणत्याही दिवशी, कोणत्याही कामावर उच्चारता येते आणि म्हणूनच ते कोणी ऐकत नाही. याउलट, पावसाळ्यात कारखान्याच्या छपराची गळती काढण्यास चार माणसे वर चढणार असतील, तर सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, शेवाळ धरलेला जुना पत्रा कोठे ठिसूळ झाला हे दिसत नाही, पाय ठेवायचा तो आडव्या टाकलेल्या फळ्यांवरच, आणि सुरक्षा-पट्ट्याचा हूक अडकवायचा तो कोणत्या तुळईला, हे त्या छपराकडे बोट दाखवून सांगणे हा खरा संवाद होय. बंद टाकीत किंवा भुयारी गटारात उतरण्याचे काम असेल, तेव्हा सांगण्याची मुख्य गोष्ट आणखी निराळी असते. साध्या हवेत सुमारे २०.९ टक्के प्राणवायू असतो आणि तो १९.५ टक्क्यांखाली गेला की ती जागा प्रवेशास अयोग्य मानतात. पण हा फरक नाकाला कळत नाही, आणि आत कोसळलेल्या सोबत्याला पाहून जो दुसरा मनुष्य तत्क्षणी खाली उडी घेतो, तोही बहुधा तेथेच पडतो. मदतीची ही स्वाभाविक आणि उदात्त ऊर्मी त्या क्षणी आवरायची कशी, वर उभ्या असलेल्याने दोर ओढायचा की आरडाओरड करायची, हे अगोदर ठरवून ठेवण्यास त्या पाच मिनिटांखेरीज दुसरी वेळ मिळत नाही.

पाळी बदलतानाच्या संवादाला तर स्वतंत्र महत्त्व आहे. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायू मंचावर ६ जुलै १९८८ रोजी स्फोट व आगीत १६७ माणसे मृत्यू पावली. दिवसपाळीने एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढून नेली होती आणि नळाच्या उघड्या तोंडावर तात्पुरती झाकणी बसविली होती. त्या कामाचा परवाना लिहिलेला होता, परंतु ती माहिती रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोहोचली नाही, आणि दुसरा पंप बंद पडताच त्यांनी हा पंप चालू केला. लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या चौकशी-अहवालाने कामाच्या परवान्याची पद्धत व पाळीतील देवघेव या दोहोंवर कडक ठपका ठेवला. कागद दप्तरात होता, एवढ्याने दुर्घटना टळली नाही. जाणाऱ्याने येणाऱ्याला तोंडी सांगितलेली दोन वाक्ये तेथे कदाचित अधिक मोलाची ठरली असती.

या संवादाला सर्वांत विचारपूर्वक शिस्त लावली ती जपानने. १९७३ साली तेथे शून्य-अपघात मोहीम सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी सुमितोमो मेटल या पोलाद कंपनीत धोक्याची पूर्वकल्पना करण्याची पद्धत विकसित झाली. तीत कामाचे एक चित्र समोर ठेवून कामगारांच्या लहान गटाला आधी त्यात दडलेले धोके काढावयास लावतात, मग त्यांतील सर्वांत गंभीर कोणता ते गटानेच ठरवायचे, त्यावर उपाय सुचवायचे, आणि अखेरीस त्यांतील एक उपाय आजचे लक्ष्य म्हणून सर्वांनी मोठ्याने उच्चारायचा. बोट दाखवून उच्चार करण्याची सवय जपानी रेल्वेत त्यापूर्वीच रुजलेली होती. परकीय पाहुण्याला हा प्रकार नाटकी वाटण्याचा संभव आहे. तथापि बोलण्याचे काम फोरमनकडून काढून कामगारांकडे सोपविणे, हे त्यातील मर्म आपल्याकडच्या अनुकरणात बहुधा गळून पडते आणि राहते ती केवळ सामुदायिक शपथ.

भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात या संवादाचा नावाने उल्लेख नसला, तरी त्याला आधार देणारी कलमे होती. चालत्या यंत्राजवळ तपासणी करणारा कामगार खास प्रशिक्षित आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेला असावा, असे कलम २२ सांगत असे. हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात त्यानुसार सुरक्षा अधिकारी नेमावा लागे. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने कामगाराला सुरक्षाविषयक माहिती व प्रशिक्षण मिळविण्याचा हक्क दिला. संवाद किती दिवसांनी व्हावा, याचा स्पष्ट दंडक पाहायचा असल्यास कॅलिफोर्नियाचा नियम उद्धृत करता येईल. तेथे बांधकामावर दर दहा कामाच्या दिवसांत निदान एकदा अशी बैठक घेणे सक्तीचे आहे.

सुरक्षा-संवादाच्या परिणामाविषयी संशोधनाचा आधार मर्यादित आहे. डेन्मार्कमधील बांधकामांवरील, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फोरमनांना कामगारांशी होणाऱ्या रोजच्या बोलण्यातच सुरक्षेचा विषय आणण्याचे मार्गदर्शन केले, तेव्हा तसे बोलणे लक्षणीय वाढले. बोलणे वाढले म्हणजे तेवढ्याच प्रमाणात दुखापती घटल्या, असा अर्थ मात्र त्यातून परभारे काढता येत नाही.

महाराष्ट्रातील बांधकामांवर व औद्योगिक वसाहतींत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा व झारखंड येथील कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने असतात, आणि मराठी मुकादमाने अर्ध्यामुर्ध्या हिंदीत केलेले निरूपण त्यांना कितपत उमगले, हे केवळ त्यांच्या माना डोलण्यावरून ठरवता येत नाही. ऐकलेले त्यांच्याच तोंडून वदवून घेणे हाच त्यावर व्यवहार्य उपाय. त्याऐवजी अनेक ठिकाणी नोंदवही फिरते, सह्या किंवा अंगठे घेतले जातात, आणि तपासनीस आला की तीच वही पुराव्यादाखल पुढे केली जाते. यंत्राच्या पट्ट्यावरचे संरक्षक आवरण नाही म्हणून ‘हात जपा’ असे दर आठवड्याला सांगावे लागत असेल, तर तो विषय संवादाचा उरत नाही, देखभाल खात्याचा होतो. असा धोका वर कळविण्याची वाट कायद्यातही होती: धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत १९४८ च्या अधिनियमाच्या कलम ४१-एच नुसार, जीवितास तात्काळ धोका आहे अशी वाजवी शंका आलेल्या कामगाराला ती व्यवस्थापनाच्या नजरेस आणता येई आणि त्याच वेळी कारखाने-निरीक्षकासही कळवता येई. व्यवस्थापनाला ती शंका पटली नाही, तरी तिच्यावर पडदा न टाकता प्रकरण निरीक्षकाकडे धाडणे त्याच्यावर बंधनकारक होते.